कोल्हापुरातून अणुभट्टीच्या अभ्यासाकडे: पदव्युत्तर शिक्षणाची वाट, पायरी-पायरीने

शिवाजी विद्यापीठात एमएस्सी फिजिक्स करणारी मुलगी असो की केआयटीत मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाचा मुलगा, रिॲक्टरच्या अभ्यासाकडे वळायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "न्यूक्लिअरचं कुठलं पुस्तक घेऊ?" माझं उत्तर असतं, आधी स्वतःच्या पदवीची पुस्तकं पुन्हा काढा. रिॲक्टर फिजिक्स आणि रिॲक्टर इंजिनिअरिंगच्या पदव्युत्तर शिक्षणाचे भारतात जे दरवाजे आहेत, त्यांतल्या बहुतेक दारांत तुमची परीक्षा न्यूक्लिअरची होतच नाही. मेकॅनिकलवाल्याला थर्मोडायनॅमिक्स आणि हीट ट्रान्सफर विचारतात, केमिकलवाल्याला मास ट्रान्सफर, इलेक्ट्रिकलवाल्याला मशीन्स आणि कंट्रोल, फिजिक्सवाल्याला क्वांटम, इलेक्ट्रोडायनॅमिक्स, स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स. न्यूक्लिअर आत गेल्यावर शिकवतात, आणि चांगलं शिकवतात.

मग बाहेर असताना न्यूक्लिअर अजिबात वाचायचं नाही का? वाचायचं, पण वेगळ्या कारणासाठी. हा विषय आपला आहे की नाही, हे कळण्यासाठी. नाव ऐकून भारावलेली आणि वर्षभराने कंटाळलेली मुलं मी पाहिली आहेत. म्हणून या लेखात दोन्ही गोष्टी सांगतो: विषयाची खरी चव कशी घ्यायची, आणि आत जायची दारं कुठली.

पहिली पायरी: न्यूट्रॉन की उष्णता?

रिॲक्टरच्या अभ्यासाच्या दोन मोठ्या बाजू आहेत आणि त्यांची माणसं स्वभावाने वेगळी असतात.

रिॲक्टर फिजिक्सवाल्याचं सगळं लक्ष न्यूट्रॉनवर असतं. या क्षणी गाभ्यात कुठे किती न्यूट्रॉन आहेत, किती ऊर्जेचे आहेत, पुढच्या क्षणी किती असतील, इंधन जळत गेलं की हे चित्र कसं बदलेल. यात गणित भरपूर, कॉम्प्युटरवरचं काम त्याहून जास्त. डिफरन्शियल इक्वेशन, लिनिअर अल्जिब्रा आणि प्रॉबॅबिलिटी यांची ज्याला मनापासून गोडी आहे, त्याने इकडे यावं.

रिॲक्टर इंजिनिअरिंगवाल्याला न्यूट्रॉनने तयार केलेली उष्णता बाहेर काढायची असते. कूलंट कसा वाहतो, पाइपला भेग कशी जाते, झिर्कोनियमची नळी किरणोत्सारात वर्षानुवर्षं राहिली की कशी वाकते, पंप बंद पडला तर पुढच्या दहा मिनिटांत काय होतं. थर्मल हायड्रॉलिक्स, मटेरियल्स, कंट्रोल, सेफ्टी ॲनालिसिस हे सगळं यात येतं. उद्यमनगरच्या किंवा शिरोली एमआयडीसीच्या फाउंड्रीत ज्याने कास्टिंगमधला दोष कुठून आला याचा माग काढलेला आहे, त्याला या बाजूचं महत्त्व वेगळं समजावून द्यावं लागत नाही. मोठ्या कास्टिंगची रेडिओग्राफी करतात, तिथे वापरला जाणारा इरिडियम-192 हाही रिॲक्टरमध्येच तयार झालेला असतो.

मेकॅनिकलचा विद्यार्थी रिॲक्टर फिजिक्सकडे जाऊ शकतो आणि फिजिक्सचा विद्यार्थी सेफ्टी ॲनालिसिसकडे. तरीही सुरुवातीला आपला कल ओळखलेला बरा, कारण तयारीचा क्रम त्यावर ठरतो.

दुसरी पायरी: वहीवर पाच हिशेब

इथे मी सगळ्यात जास्त थांबणार आहे. पुढचे हिशेब बीएस्सी किंवा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या गणितात बसतात. ते स्वतः, कागदावर, उत्तर न बघता करा. करताना वेळेचं भान राहिलं नाही तर हा विषय तुमचा आहे.

पहिला हिशेब इंधनाचा. युरेनियम-235 च्या एका विखंडनातून, म्हणजे अणुगर्भ फुटण्यातून, सुमारे 200 एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट) ऊर्जा मिळते. ती जूलमध्ये बदला आणि एक वॉटसाठी सेकंदाला किती विखंडनं लागतात ते काढा, उत्तर 3.1 गुणिले दहाचा दहावा घात असं येईल. आता आपल्याला जवळचं कैगा घ्या. कारवारच्या बाजूला असलेल्या या केंद्रात 220 मेगावॉटचे चार संच आहेत. एका संचाची उष्णता साधारण 750 मेगावॉट धरा. दिवसाला किती ग्रॅम युरेनियम-235 विखंडित व्हायला हवं? सुमारे 790 ग्रॅम. तेवढीच वीज कोळशावर काढायची तर दिवसाला साडेतीन हजार टनांच्या आसपास कोळसा लागेल. हे आकडे कुणीतरी सांगितलेले ऐकणं वेगळं आणि ॲव्होगाड्रोच्या अंकापासून सुरू करून स्वतः तिथे पोचणं वेगळं.

दुसरा हिशेब न्यूट्रॉनचा वेग कमी करण्याचा. विखंडनातून निघालेला न्यूट्रॉन सरासरी 2 एमईव्हीचा असतो. युरेनियम-235 ला तो हवा असतो 0.025 इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपासचा, कारण तिथे विखंडनाचा क्रॉस सेक्शन, म्हणजे विखंडन होण्याची शक्यता दाखवणारं माप, 585 बार्न (हे त्या मापाचं एकक) आहे. मधला वेग कमी करायचा कसा? कॅरमचा स्ट्रायकर बोर्डाच्या कडेवर आपटला की जवळजवळ त्याच जोराने परत येतो. दुसऱ्या स्ट्रायकरवर सरळ आदळला तर तो थांबतो आणि दुसरा निघतो. न्यूट्रॉनच्या बरोबरीच्या वजनाचा अणुगर्भ म्हणजे हायड्रोजनचा. लॉगॅरिदमिक एनर्जी डिक्रिमेंटचं सूत्र वापरून टक्करींची सरासरी संख्या काढा: हायड्रोजनसाठी 18, ड्युटेरियमसाठी (म्हणजे जड हायड्रोजनसाठी) 25, कार्बनसाठी 115 च्या जवळ, युरेनियम-238 साठी दोन हजारांच्या वर.

यावरून साधं पाणी सगळ्यात चांगलं असं वाटेल. पण पाण्यातला हायड्रोजन न्यूट्रॉन गिळतोही. त्याचा शोषणाचा क्रॉस सेक्शन 0.33 बार्न आहे आणि ड्युटेरियमचा त्याच्या सहाशेव्या भागाहून कमी. नैसर्गिक युरेनियममध्ये 235 चं प्रमाण जेमतेम 0.7 टक्के. एवढ्या तुटपुंज्या इंधनावर विखंडनांची साखळी चालवायची तर एकेक न्यूट्रॉन जपावा लागतो. म्हणून नैसर्गिक युरेनियमसोबत पाणी वापरायचं तर ते जड पाणी हवं, म्हणजे हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असलेलं. भारताच्या बहुतेक वीजभट्ट्या जड पाण्याच्या का आहेत, याचं मूळ या दोन आकड्यांत आहे. तारापूरचे 1969 चे पहिले दोन संच मात्र साध्या पाण्याचे आहेत, आणि म्हणून त्यांना समृद्ध, म्हणजे 235 चं प्रमाण वाढवलेलं, युरेनियम लागतं.

तिसरा हिशेब काळाचा. माझ्या मते रिॲक्टर फिजिक्सचं सगळं सौंदर्य यात आहे. एका पिढीतल्या न्यूट्रॉनकडून पुढच्या पिढीत किती न्यूट्रॉन जातात त्या गुणोत्तराला k म्हणतात. k बरोबर 1 असेल तर भट्टी स्थिर. समजा तो 1.001 झाला, म्हणजे हजारात एकाने वाढ. साध्या पाण्याच्या भट्टीत एका पिढीचा काळ 0.0001 सेकंद धरा. सेकंदाला दहा हजार पिढ्या. 1.001 चा दहा हजारावा घात काढा: सुमारे 22,000. एका सेकंदात शक्ती बावीस हजार पट! अशी भट्टी कोणताही कंट्रोल रॉड सांभाळू शकणार नाही.

तरीही भट्ट्या सांभाळता येतात, कारण सगळे न्यूट्रॉन लगेच निघत नाहीत. युरेनियम-235 च्या बाबतीत 0.65 टक्के न्यूट्रॉन विखंडनानंतर काही सेकंदांनी, काही तर मिनिटभराने, विखंडनातून बनलेल्या तुकड्यांमधून बाहेर पडतात. हे उशिरा येणारे मूठभर न्यूट्रॉन हिशेबात धरले की त्याच 1.001 ला शक्ती अडीच-पावणेतीन पट व्हायला साधारण मिनिटभर लागतं. सेकंदाला बावीस हजार पट कुठे आणि मिनिटाला पावणेतीन पट कुठे! पॉइंट कायनेटिक्सची समीकरणं एका गटाच्या डिलेड न्यूट्रॉनसाठी मांडा, सोडवा आणि हे स्वतः पाहा. मग प्लुटोनियम-239 साठी तोच आकडा 0.21 टक्के आहे हे लक्षात घेऊन पुन्हा करा. फास्ट ब्रीडर, म्हणजे वेगवान न्यूट्रॉनवर चालून नवं इंधनही बनवणाऱ्या, भट्टीच्या कंट्रोलचा विचार वेगळा का करावा लागतो, याचं एक मोठं कारण हातात येईल.

चौथा हिशेब झेनॉनचा. विखंडनातून आयोडीन-135 बनतं, त्याचं अर्धायुष्य 6.6 तास, त्यातून झेनॉन-135 बनतं, त्याचं 9.1 तास. झेनॉनचा शोषणाचा क्रॉस सेक्शन सुमारे 26 लाख बार्न. भट्टी चालू असताना न्यूट्रॉन झेनॉनला खाऊन संपवत असतात. भट्टी बंद केली की खाणारे न्यूट्रॉन नाहीत, पण आयोडीनमधून झेनॉन येतच राहतं. दोन जोडलेली डिफरन्शियल समीकरणं लिहा, आलेख काढा. भरपूर फ्लक्सवर (न्यूट्रॉनच्या दाट प्रवाहावर) चालणारी भट्टी बंद केल्यावर झेनॉन दहा-अकरा तासांनी शिखरावर जाताना दिसेल. 26 एप्रिल 1986 च्या रात्री चेर्नोबिलच्या चौथ्या भट्टीत कमी शक्तीवर झेनॉन साठलेलं होतं, त्याची भरपाई करण्यासाठी जवळजवळ सगळे कंट्रोल रॉड वर काढलेले होते, पाण्याची वाफ झाली की साखळी वाढण्याचा दोष त्या रचनेत होता, आणि रॉड खाली जाताना आधी त्यांचं ग्रॅफाइटचं टोक आत जात होतं. हे सगळं नुसतं वाचून समजत नाही. झेनॉनचा आलेख एकदा स्वतः काढला की समजतं.

पाचवा हिशेब बंद भट्टीच्या उष्णतेचा. साखळी थांबली तरी विखंडनातून बनलेले तुकडे क्षय पावत राहतात. बंद केल्याक्षणी मूळ शक्तीच्या सहा-सात टक्के, तासाभराने दीड टक्क्याच्या आसपास, दिवसाने अर्ध्या टक्क्याच्या जवळ. 750 मेगावॉटच्या भट्टीत तासाभरानंतर हे 11 मेगावॉट होतात. तेवढ्या उष्णतेने तासाला किती पाणी उकळून जाईल ते काढा. मार्च 2011 मध्ये फुकुशिमात भट्ट्या भूकंपाबरोबर व्यवस्थित बंद झाल्या होत्या. त्सुनामीने वीज गेली आणि ही उरलेली उष्णता काढायला पंप राहिले नाहीत.

तिसरी पायरी: ओपनएमसीवर एक छोटं मॉडेल

कागदावरचे हिशेब झाले की कॉम्प्युटरकडे जा. ओपनएमसी हा मॉंटे कार्लो पद्धतीचा, म्हणजे यादृच्छिक आकड्यांनी एकेका न्यूट्रॉनचा प्रवास मांडणारा, न्यूट्रॉन ट्रान्सपोर्ट कोड फुकट आणि खुला आहे. विंडोज असेल तर आत लिनक्सची सोय करून घ्या. साध्या लॅपटॉपवर चालतो. क्रॉस सेक्शनचा डेटा मात्र काही जीबींचा असतो, तो चांगलं नेट असलेल्या ठिकाणी एकदाच उतरवून घ्या.

पहिलं मॉडेल म्हणून आपल्याच 220 मेगावॉटच्या जड पाण्याच्या भट्टीची एक चॅनल, म्हणजे इंधन ठेवायची नळी, करा. त्या भट्टीत 306 चॅनल असतात, एका चॅनलमध्ये 12 बंडल, एका बंडलमध्ये 19 इंधनसळ्या, आणि चॅनलमधलं अंतर 22.86 सेंटीमीटर. सगळी भौमितिक बारकाई लगेच नको. आधी एकच सळी आणि भोवती मॉडरेटर (न्यूट्रॉनचा वेग कमी करणारं जड पाणी) घ्या. k काढा. मग जड पाण्याच्या जागी साधं पाणी टाका आणि k एकाच्या खाली कोसळताना पाहा. दुसऱ्या हिशेबात जे वहीवर सापडलं, तेच इथे पडद्यावर येईल. मॉडेल करताना जड पाण्यातल्या ड्युटेरियमचा थर्मल स्कॅटरिंगचा डेटा जोडायला विसरू नका. तो नसेल तर कोड तक्रार न करता चुकीचं उत्तर देतो. उत्तराबरोबर येणारी स्टॅटिस्टिकल चूक किती आहे हेही दरवेळी लिहून ठेवा. मुलाखतीत कुणी "मी ओपनएमसी वापरलं आहे" म्हटलं की पुढचा प्रश्न हमखास त्या आकड्यावर येऊ शकतो.

पुस्तकांपैकी इंजिनिअरिंगवाल्यांना लामार्शचं प्रास्ताविक पुस्तक सोपं जातं, फिजिक्सवाल्यांना डुडरस्टॅट आणि हॅमिल्टन यांचं. दोन्ही एकदम घेऊ नका. विद्यापीठातलं बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय, आपल्या कॉलेजचं ग्रंथालय आणि एनपीटीईएलवरचे फुकट अभ्यासक्रम एवढ्यावर हा टप्पा भागतो. यासाठी पुण्या-मुंबईला क्लास लावायची गरज नाही.

चौथी पायरी: दार निवडणं

पहिलं आणि सगळ्यात मोठं दार म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राचं ट्रेनिंग स्कूल. 1957 पासून चालू आहे. इंजिनिअरिंगच्या पदवीधरांना आणि विज्ञानाच्या पदव्युत्तरांना इथे एका वर्षाचा ओसीईएस हा अभ्यासक्रम असतो. निवड झाली की स्टायपेंड मिळतो, होस्टेल मिळतं, वर्षभर कसून अभ्यास आणि सतत परीक्षा असतात, आणि ठरलेले गुण मिळवून उत्तीर्ण झालात की सायंटिफिक ऑफिसर 'सी' म्हणून थेट नेमणूक. पुढे होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटमधून प्रोजेक्ट करून एमटेक पूर्ण करता येतं. म्हणजे शिकायला पैसे भरायचे नाहीत, उलट मिळतात, आणि शिक्षणाला नोकरी जोडलेलीच असते. बदल्यात ठरावीक वर्षं सेवेची हमी द्यावी लागते.

पात्रतेला पदवीत किमान 60 टक्के लागतात. वयाची अट कडक आहे: खुल्या गटासाठी 26 वर्षं, ओबीसींसाठी 29, अनुसूचित जाती-जमातींसाठी 31. आपल्याकडे बरीच मुलं पदवीनंतर दोन-तीन वर्षं स्पर्धा परीक्षांना देतात आणि मग इकडे पाहतात, तोवर वय गेलेलं असतं. हे दार हवं असेल तर पदवीच्या शेवटच्या वर्षापासूनच त्याला धरून चला.

छाननी दोन रस्त्यांनी होते: गेटचा स्कोअर किंवा केंद्राची स्वतःची ऑनलाइन परीक्षा. ऑनलाइन परीक्षेत दोन तासांत 100 प्रश्न, बरोबर उत्तराला 3 गुण, चुकलं तर 1 वजा. दोन्ही रस्ते एकाच वेळी धरता येतात, आणि धरावेतच. छाननीतून गेलेल्यांची मुलाखत होते आणि अंतिम निवड मुलाखतीच्या गुणांवर ठरते. गेटचा कितीही मोठा स्कोअर तिथे मदतीला येत नाही.

याच मुलाखतीतून डीजीएफएस नावाचा दुसरा रस्ता फुटतो. त्यात आयआयटीसारख्या ठरलेल्या संस्थांत दोन वर्षांचं एमटेक करायचं, फी आणि स्टायपेंड अणुऊर्जा विभागाचा, मग विभागात नोकरी. ज्याला आयआयटीचं वातावरणही अनुभवायचं आहे त्याच्यासाठी हा उत्तम.

दुसरं दार थेट एमटेकचं. आयआयटी कानपूरला न्यूक्लिअर इंजिनिअरिंगचा जुना आणि नावाजलेला कार्यक्रम आहे. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात आणि गांधीनगरच्या पंडित दीनदयाळ एनर्जी विद्यापीठातही या विषयाचं शिक्षण आहे. फिजिक्सची पदवी कुठे चालते आणि कुठे फक्त बीई-बीटेक लागतं, हे प्रत्येक ठिकाणच्या माहितीपत्रकात नीट पाहा. खासगी ठिकाणी फी भरण्याआधी दोन प्रश्न विचाराच: इथल्या प्रयोगशाळेत न्यूट्रॉन सोर्स आणि डिटेक्टर आहेत का, आणि मागच्या दोन तुकड्यांनी प्रोजेक्ट कुठे केले? गोलगोल उत्तर आलं तर ती जागा सोडा.

संशोधनाकडे जायचं असेल तर होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटची पीएचडी आहे, तिच्यासाठी जेस्ट, नेट किंवा गेट यांपैकी एक परीक्षा. मुंबईत भाभा केंद्र आणि कल्पाक्कममध्ये इंदिरा गांधी केंद्र ही त्याची मुख्य ठिकाणं. कल्पाक्कमला फास्ट भट्ट्यांचं काम चालतं. तिथली फास्ट ब्रीडर टेस्ट भट्टी ऑक्टोबर 1985 मध्ये प्रथम क्रिटिकल झाली (म्हणजे तिची साखळी स्वतःच्या बळावर चालू झाली), आणि थोरियमपासून बनणाऱ्या युरेनियम-233 वर चालणारी 30 किलोवॉटची कामिनी भट्टीही तिथलीच. थोरियमच्या वाटेत ज्यांना रस आहे त्यांनी या दोन नावांपासून वाचायला सुरुवात करावी.

फिजिक्सवाल्यांनी आणखी एक वाट डोळ्यांसमोर ठेवावी: भाभा केंद्राचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा एमएस्सीनंतरचा डिप्लोमा. तो केलेली माणसं कॅन्सरच्या रुग्णालयांत मेडिकल फिजिसिस्ट होतात. घराजवळ राहून किरणोत्साराचं गंभीर काम करायचं असेल तर रिॲक्टरपेक्षा ही वाट अधिक व्यवहार्य आहे. रेडिओथेरपीची यंत्रं आपल्या भागातही आहेत आणि त्यांना असा माणूस कायद्यानेच लागतो.

न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन गेटवरून एक्झिक्युटिव्ह ट्रेनी घेते. तो पदव्युत्तर अभ्यास नव्हे, पण भट्टी प्रत्यक्ष चालवायची ओढ असलेल्या इंजिनिअरने तोही अर्ज भरावा. कैगाचा पहिला संच 2018 च्या अखेरपर्यंत सलग 962 दिवस न थांबता चालला. असं काम चालवणारी माणसं याच रांगेतून येतात.

परदेशाबद्दल थोडक्यात. बर्मिंगहॅम विद्यापीठाचा रिॲक्टरच्या फिजिक्स आणि तंत्रज्ञानाचा एमएस्सी अभ्यासक्रम 1956 पासून चालतो. स्टॉकहोमच्या केटीएचला आणि पॅरिस-साक्लेलाही चांगले मास्टर्स आहेत. ब्रिटनला जाताना या विषयासाठी भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसाआधी एटास नावाची वेगळी मंजुरी घ्यावी लागते. तिला वेळ लागतो, म्हणून प्रवेश हातात पडला की त्याच आठवड्यात अर्ज करा. मुलींसाठी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी फेलोशिप आहे, वर्षाला फीसाठी 10,000 युरोपर्यंत आणि राहण्यासाठी 10,000 युरोपर्यंत. माझं स्पष्ट मत असं की शिष्यवृत्तीशिवाय, मोठं कर्ज काढून या विषयाच्या मास्टर्सला जाऊ नये. बऱ्याच देशांत भट्टीशी संबंधित नोकऱ्यांना सुरक्षा मंजुरी लागते आणि परक्या नागरिकाला ती मिळणं अवघड असतं. परत येऊन ट्रेनिंग स्कूल म्हणावं तर वय पुढे गेलेलं असतं.

पाचवी पायरी: कोल्हापुरात राहून वर्ष कसं लावायचं

गेटचे अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघतात, परीक्षा फेब्रुवारीत. भाभा केंद्राची जाहिरात बहुधा जानेवारीत, ऑनलाइन परीक्षा मार्चच्या सुमाराला, मुलाखती उन्हाळ्यात आणि त्यानंतर. म्हणजे शेवटच्या वर्षाचा जून ते जानेवारी हा काळ मूळ विषयाचा. वरचे पाच हिशेब आणि ओपनएमसी त्याआधी, तिसऱ्या वर्षात किंवा एमएस्सीच्या पहिल्या वर्षात उरकलेले असावेत. मूळ विषयाच्या अभ्यासाच्या आड ते येता कामा नयेत.

मुलाखतीची तयारी गेटच्या तयारीपेक्षा वेगळी असते, आणि आपल्याकडची मुलं मागे पडतात ती इथे. गेटमध्ये उत्तर काढायचं असतं. मुलाखतीत तुम्ही निवडलेल्या विषयाच्या मुळापर्यंत नेतात. "हीट ट्रान्सफर माझा आवडीचा" म्हटलं की फिनच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पट्टीच्या) समीकरणापासून सुरू होईल, मग ते समीकरण कोणत्या गृहीतकांवर उभं आहे, कोणतं गृहीतक मोडलं तर काय बदलेल, आणि ते बदल फळ्यावर मांडून दाखवा, असं जात राहतं. म्हणून तीन-चार विषय निवडा आणि त्यांतलं प्रत्येक सूत्र कोऱ्या कागदावर पहिल्यापासून उभं करता आलं पाहिजे इथपर्यंत जा.

याला जोडीदार लागतात. तीन-चार जणांचा गट करा, रविवारी एखाद्या रिकाम्या वर्गात जमा, एकाने फळ्यावर उभं राहायचं आणि बाकीच्यांनी फक्त "का?" विचारायचं. गटात वेगवेगळ्या शाखांची मुलं असली तर आणखी चांगलं. समजावताना मराठीत बोललात तरी हरकत नाही, पण शेवटच्या महिन्यात सगळं इंग्रजीत बोलायचा सराव करा. विषय पक्का असूनही वाक्य अडतं म्हणून गप्प राहणारा विद्यार्थी पाहिला की फार वाईट वाटतं. आणि जे येत नाही ते "येत नाही" असं लगेच सांगायचं. अंदाजाने रेटून नेलेलं उत्तर त्या खोलीत टिकत नाही.

मुलाखतीत रिॲक्टरचा प्रश्न आलाच तर वरच्या पाच हिशेबांइतकं पुरेसं आहे. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा: आपल्या जड पाण्याच्या भट्ट्यांमध्येही कूलंटची वाफ झाली तर साखळी किंचित वाढते. हे लपवायचं कारण नाही. त्यासाठीच त्या भट्ट्यांना एकमेकांवर अवलंबून नसलेल्या दोन वेगवान शटडाउन यंत्रणा दिलेल्या असतात. हे नीट सांगता आलं तर समोरच्याला कळतं की तुम्ही पाठ करून आलेला नाही.

कॉलेजमार्फत आगाऊ पत्रव्यवहार करून कैगाची भेट जमवता आली तर जरूर जमवा; बेळगावमार्गे कारवारकडे जाता येतं. नाहीच जमलं तर मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रातलं अणुऊर्जेचं दालन पाहा.

सहावी पायरी: घरच्यांशी बोलणं

हा भाग कुणी लिहीत नाही, पण बऱ्याच चांगल्या मुलींची वाट इथेच अडते. आईवडिलांना किरणोत्साराची भीती वाटते आणि ती समजण्यासारखी आहे. त्यांना "काही होत नाही" म्हणू नका, आकडे दाखवा. आपल्या सगळ्यांना जमिनीतून, हवेतून, आकाशातून नैसर्गिक किरणोत्सार मिळतच असतो, जागतिक सरासरी वर्षाला सुमारे 2.4 मिलिसीव्हर्ट. अणुऊर्जा नियामक परिषदेने कामगारांसाठी घातलेली मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसीव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात 30. प्रत्येकाचा डोस मोजला जातो आणि त्याची नोंद राहते. गरोदर असलेल्या कर्मचारी महिलांसाठी नियम आणखी कडक आहेत. शिवाय रिॲक्टर फिजिक्स आणि सेफ्टी ॲनालिसिसचं बरंचसं काम कॉम्प्युटरसमोर बसून होतं.

काम पुढे राहील का, हाही त्यांचा रास्त प्रश्न. फेब्रुवारी 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 2047 पर्यंत 100 गिगावॉट अणुवीज हे उद्दिष्ट जाहीर झालं, छोट्या मॉड्युलर भट्ट्यांच्या संशोधनासाठी 20,000 कोटी रुपयांची योजना आली आणि 2033 पर्यंत अशा किमान पाच देशी भट्ट्या चालू करायचं ठरलं. उद्दिष्ट किती गाठलं जाईल हे काळ ठरवेल, पण माणसं लागणार आहेत. आपल्या शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूरला 1,730 मेगावॉटचे सहा संच प्रस्तावित आहेत. त्या प्रकल्पाला स्थानिक लोकांचा विरोधही मोठा झाला आहे. या क्षेत्रात जाणाऱ्याने तो विरोध ऐकून घेतलेला असावा. मच्छीमाराच्या प्रश्नाला उत्तर देणं हाही या विद्येचा भाग आहे.

सातवी पायरी: कागदपत्रं आणि पैसा

जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमी लेयर केंद्र सरकारच्या नमुन्यातला लागतो. राज्याच्या नमुन्यातला दाखला घेऊन मुलाखतीला गेलेल्यांची ऐनवेळी धावपळ होते. मराठा समाजाला राज्याने दिलेलं एसईबीसी आरक्षण केंद्राच्या भरतीत चालत नाही; उत्पन्न आणि मालमत्तेच्या अटीत बसत असाल तर केंद्राच्या नमुन्यातला ईडब्ल्यूएस दाखला काढा, आणि कुणबी नोंद असेल तर ओबीसीचा. हे दाखले विशिष्ट आर्थिक वर्षाचे लागतात, म्हणून जाहिरातीतली तारीख पाहूनच तहसील कार्यालयात अर्ज करा.

परदेशी शिक्षणासाठी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. मराठा आणि कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथीच्या योजना आहेत आणि सारथीचं उपकेंद्र कोल्हापुरातच आहे, तिथे प्रत्यक्ष जाऊन चौकशी करा.

मुलाखत ट्रॉम्बेला असेल तर आदल्या दिवशीच मुंबईत पोचा. महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून सकाळी थेट मुलाखतीला जाणं टाळा. गाडीला उशीर झाला की सगळं गडबडतं, आणि तासभर फळ्यासमोर विचार करायचा तर झोप झालेली हवी. सीएसएमटीहून हार्बर लाइनची पनवेलकडे जाणारी लोकल धरून मानखुर्दला उतरलात की अणुशक्तीनगर जवळ आहे. मूळ प्रमाणपत्रं, त्यांच्या प्रती, फोटो आणि कॉलेजचं शेवटच्या सत्राचं गुणपत्रक एका फाइलमध्ये ठेवा. निकाल लागायचा असेल तर तसं प्राचार्यांचं किंवा विभागप्रमुखांचं पत्र निघण्याआधी सहीशिक्क्यासह घ्या, कारण सुट्टीत ऑफिस बंद असतं.